ऱ्होन्दा खोऱ्यातलं बालपण: वेल्सच्या खाणगावांच्या आठवणी आणि इतिहास

खाणकाठची

वेल्स म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना किल्ले, हिरवी कुरणं आणि रग्बी आठवते. मी वाढले त्या वेल्समध्ये मेंढ्या होत्या, पण त्या डोंगरावरून उतरून गल्लीत यायच्या आणि कचऱ्याचे डबे आडवे करून जायच्या. किल्ला नव्हता. खाणीच्या तोंडावरचं मोठं चाक होतं, आणि ते फिरतंय की थांबलंय यावर गावाचा दिवस ठरायचा.

बाबा मिरजेहून डॉक्टर होऊन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आले. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत यायला इथले डॉक्टर फारसे राजी नसत. त्यामुळे आमच्या दवाखान्यात बाबा, पुढच्या गावात एक बंगाली डॉक्टर, त्याच्या वर लाहोरचे एक, अशी रांगच लागली होती. आमचं गाव धाकट्या ऱ्होन्दा नदीच्या काठी, मार्डीच्या खालच्या अंगाला. नदी अरुंद, दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि त्यांच्या अंगावर एकमेकींना चिकटलेल्या दगडी घरांच्या लांबच लांब ओळी. पुढचं दार उघडलं की थेट फुटपाथ. १८५० च्या आसपास या सगळ्या खोऱ्यात दोन हजार माणसंही नव्हती, नुसती शेतं आणि मेंढ्या. मग खाली वाफेच्या इंजिनांना लागणारा उत्तम कोळसा सापडला आणि १९११ च्या शिरगणतीत लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली. म्हणजे जी गावं मला फार जुनी वाटायची, ती खरं तर माझ्या मैत्रिणींच्या पणजोबांनी वसवलेली होती.

खाणकामगाराला घरासाठी सवलतीचा कोळसा मिळायचा. ट्रक यायचा आणि दारासमोर रस्त्यावरच ढीग ओतून जायचा. मग बादल्या घेऊन तो मागच्या कोठीत नेणं हे मुलांचं काम. शेजारच्या घरचा ढीग उचलायला आम्ही सगळीच जायचो. बाबा खाणीचे नोकर नसल्याने आम्हाला कोळसा मिळत नसे, पण थंडीत सकाळी दार उघडलं की पायरीवर भरलेली बादली दिसायची. कोणी ठेवली हे विचारायचं नाही, रिकामी बादली पायरीवर परत ठेवायची. कोणीतरी घेऊन जायचं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते गावच्या हॉलबद्दल. 'वर्कमेन्स हॉल अँड इन्स्टिट्यूट' असं दगडात कोरलेली तीन-चार मजली इमारत जवळजवळ प्रत्येक खाणगावात होती. आत वाचनालय, वर्तमानपत्रांची खोली, बिलियर्ड, नाटक-सिनेमाचं सभागृह. हे सरकारने बांधलेलं नव्हतं, मालकांनी दान दिलेलंही सहसा नव्हतं. खाणकामगारांनी दर पौंडामागे पेनी-दोन पेनी पगारातून कापून द्यायची आणि त्यातून ही इमारत उभी राहायची, पुस्तकं यायची, ग्रंथपालाचा पगार व्हायचा. १९२० नंतर टनामागे एक पेनी अशी कल्याणनिधीची भर पडली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरलेली माणसं इथे बसून अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान वाचत. ट्रेडीगरच्या वाचनालयात असाच वाचत बसणारा एक पोरगा म्हणजे अनायरिन बेवन. त्याच ट्रेडीगरमध्ये कामगारांनी वर्गणीतून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती: डॉक्टर, औषधं, दवाखाना, सगळं. बेवन पुढे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रेडीगरचाच नमुना होता. माझे बाबा मिरजेहून येऊन ज्या सेवेत नोकरीला लागले तिचं मूळ या डोंगरांत आहे, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून मी या गावांचा इतिहास मिळेल तिथून वाचतेय.

खाणीत प्रत्यक्ष उतरलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. मराठीत या गावांबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. वेल्समध्ये राहिलेल्या, फिरलेल्या सगळ्यांनी भर घाला.

पाटीपेन्सिल

सुंदर. बादलीचं वाचून थांबलेच. शाळेबद्दल लिहा ना ताई. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, मग वेल्श कुठे बोलायचे?

अजून_वाचतोय

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खाणकाठची

@पाटीपेन्सिल, आमच्या गल्लीत वेल्श बोलणाऱ्या फक्त म्हाताऱ्या होत्या. खोऱ्यात सुरुवातीला आलेली माणसं बहुतेक वेल्सच्याच खेड्यांतली, वेल्श बोलणारी. पुढे इंग्लंडच्या पश्चिम भागातून कामगारांचा मोठा लोंढा आला, शाळा इंग्रजी होत्या, आणि पोराने वर यायचं तर इंग्रजीच हवी असं आईबापांच्या मनात बसलं. एकोणिसाव्या शतकात तर काही शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दिवसभरात दुसरं कोणी वेल्श बोललं की पाटी त्याच्याकडे जायची, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार.

वारं फिरलं ते पालकांमुळे. १९४७ मध्ये लानेलीला सरकारी खर्चाने चालणारी पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. १९६२ मध्ये पाँटिप्रिथजवळ ऱ्हिदवेलेनची माध्यमिक शाळा आली, दक्षिण वेल्समधली पहिली. स्वतःला वेल्श येत नसलेल्या आईबापांनी मुलांना तिथे घातलं. माझी बाकावरची मैत्रीण तिकडे गेली आणि तिच्या आजीला म्हातारपणी घरात बोलायला माणूस मिळालं.

आमची शाळा इंग्रजीच होती, पण १ मार्चला, म्हणजे संत डेव्हिडच्या दिवशी, सगळं वेल्श. मुलींनी उंच काळी टोपी, लाल शाल आणि चौकड्यांचा एप्रन घालायचा, मुलांनी कोटाला लीक लावायचा. लीक ही कांद्याच्या जातीची लांब भाजी. पैज लावून ती कच्ची खाणारी मुलं दरवर्षी निघायची आणि दुपारपर्यंत वर्गभर वास. आईने पहिल्या वर्षी मला तिची कोल्हापूरहून आणलेली लाल शाल गुंडाळून पाठवलं. बाईंनी तिची घडी बदलली, पिन लावली आणि म्हणाल्या, सगळ्यात चांगली शाल हिचीच.

त्या दिवशी शाळेची आयस्तेदवॉद असायची: गायन, कवितापठण, आणि शेवटी कवीला खुर्चीवर बसवण्याचा समारंभ. कविता टोपणनावाने द्यायची. व्यासपीठावरून टोपणनाव पुकारलं की विजेत्याने गर्दीतून उठून उभं राहायचं, तोवर कोण जिंकलंय हे कोणालाच माहीत नसतं. राष्ट्रीय आयस्तेदवॉदमध्ये हे हजारो लोकांसमोर होतं, आमच्याकडे जेवणाच्या हॉलमध्ये. पण पोटात गोळा तेवढाच यायचा. समारंभ झाला की अर्धी सुट्टी.

गिरणगावकर

ताई, हॉलचं वर्णन वाचून आमच्या लालबागच्या चाळीतली वाचनालयं, भजनी मंडळं आठवली. १९८२ च्या संपात मी पाचवीत होतो. वडील गिरणीतून परत कधीच कामाला गेले नाहीत. तुमच्याकडचा मोठा संप दोन वर्षांनी झाला ना? मुलांचं काय झालं त्या वर्षात, खाणंपिणं कसं चाललं?

खाणकाठची

@गिरणगावकर, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

मार्च १९८४ ला सुरू झाला, मार्च १९८५ पर्यंत चालला. प्रश्न पगारवाढीचा नव्हता, खाणी बंद करू नका एवढाच होता. म्हणूनच आमच्या खोऱ्यात फूट पडली नाही. खाण गेली तर गाव जाणार, हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. मार्डीच्या खाणीत वर्षभरात एकही माणूस संप फोडून कामावर गेला नाही.

पहिल्या काही आठवड्यांत घरातली शिल्लक संपली. मग बायका पुढे आल्या. तोपर्यंत त्या हॉलमध्ये चहा करायच्या, आता त्या हॉल चालवू लागल्या. दर आठवड्याला प्रत्येक घरासाठी पिशवी: बटाटे, डबाबंद बीन्स, पाव, साखर, चहा. आई पण तिथे बटाटे मोजायला जायची. तिचं इंग्रजी त्या वर्षात सुधारलं, तेही पक्क्या ऱ्होन्दा हेलात. ज्या बायकांनी कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं त्या लंडनला, बर्मिंगहॅमला जाऊन सभांमध्ये बोलून पैसे गोळा करून आणत. सवलतीचा कोळसा बंद झाला होता, त्यामुळे कोळशाच्या डोंगरावर राहणारी माणसं थंडीत जुन्या ढिगाऱ्यांतून तुकडे वेचत होती. आमच्या पायरीवर बादली यायची ती त्या वर्षी आली नाही. उलट बाबांनी पिशव्यांसाठी दर महिन्याला पैसे दिले. त्या नाताळात फ्रान्सच्या कामगार संघटनेने संपकऱ्यांच्या मुलांसाठी ट्रक भरभरून खेळणी पाठवली होती.

५ मार्च १९८५ ला मार्डीचे कामगार परत गेले ते बँड वाजवत, संघटनेचा झेंडा पुढे धरून, आणि सगळं गाव बरोबर चालत. अंधार होता अजून. मी बाबांच्या हाताला धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. हरलेली माणसं अशी ताठ चालत जातात हे मी तेव्हा पाहिलं. डिसेंबर १९९० मध्ये खाण बंद झाली. ऱ्होन्दातली ती शेवटची.

डोंगरापलीकडच्या टॉवर खाणीची गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी. तीही सरकारने बंद केली. तेव्हा २३९ कामगारांनी नुकसानभरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड घातले, १९९५ मध्ये खाण विकत घेतली आणि २००८ पर्यंत, कोळसा संपेपर्यंत, स्वतः चालवली. परवडत नाही म्हणून बंद केलेली खाण तेरा वर्षं चालली.

समईवाली

मी कार्डिफला परिचारिका होते. वाचायला गोड वाटलं, पण एक बाजू राहतेय. छातीच्या वॉर्डात खोऱ्यातली म्हातारी माणसं यायची, पन्नाशीतच जिना चढता येत नसे. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं दगड झालेली. खाणीबद्दल हळवं होताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

खाणकाठची

@समईवाली, शंभर टक्के मान्य. बाबांच्या अर्ध्याअधिक कामाचं नावच धूळ होतं. गल्लीतल्या कितीतरी पुरुषांची खाट खालच्या बैठकीच्या खोलीत असायची, कारण वर जाण्याइतका श्वास नसायचा. शेजारी ऑक्सिजनची नळकांडी. खाणमंडळाविरुद्ध श्वसनविकारांचा मोठा खटला कामगारांनी जिंकला तो १९९८ मध्ये. तोवर पुष्कळ जण गेले होते. आणि स्फोट तर वेगळेच. सेंगहेनिदला १४ ऑक्टोबर १९१३ ला एका सकाळी ४३९ कामगार आणि एक बचावकर्ता गेला. ब्रिटनमधला सगळ्यात मोठा खाण अपघात तो.

बायकांचं आयुष्य कुणी मोजलंच नाही. खाणीवर न्हाणीघरं येण्यापूर्वी नवरा, मुलगे, भाडेकरू असे सगळे काळे होऊन घरी येत, वेगवेगळ्या पाळ्यांना. चुलीपुढे पत्र्याचा टब, आणि बाईने दिवसभर पाणी तापवायचं. शेजारच्या नानी (इकडे आजीला नानीच म्हणतात) सांगायच्या की त्यांच्या आईची पाठ पाण्याच्या हंड्यांनीच गेली. खाणीतल्या न्हाणीघरासाठी बायकांनी केलेला आग्रह हा खरा खोऱ्याचा इतिहास, असं त्यांचं ठाम मत होतं आणि माझंही आहे.

डोंगरवाट

आबरवानबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून.

खाणकाठची

लिहायला हात धजत नव्हता. आमच्या पलीकडच्या खोऱ्यातलं गाव. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सत्रातल्या मधल्या सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरचा खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढिगारा, क्रमांक ७, पाण्याने सुटून खाली आला आणि पँटग्लास शाळेवर, शेजारच्या घरांवर पडला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. ढिगारा झऱ्यावर रचला होता. गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. चौकशी आयोगाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरलं.

त्याहून मनाला लागतं ते पुढचं. उरलेले ढिगारे हलवायचे होते, तर त्यासाठी सरकारने मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेतले. जगभरच्या लोकांनी त्या आईबापांसाठी पाठवलेले पैसे. ती रक्कम १९९७ मध्ये परत केली, तीही बिनव्याजी. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी २० लाख पौंड दिले.

आमच्या शाळेच्या वरही एक ढिगारा होता, मी शाळेत जायच्या आत तो सपाट करून त्यावर गवत लावलं होतं. आमच्या बाई पाऊस जोराचा लागला की खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. का, ते आम्ही त्यांना विचारलं नाही.

उत्तरवारा

सगळा वेल्स म्हणजे कोळसा नव्हे, म्हणून उत्तरेची भर. मी कामानिमित्त बाला गावाजवळ राहिलो. तिथून थोड्या अंतरावर ट्रवेरिन खोऱ्यात कापेल केलिन नावाचं गाव होतं. शाळा, पोस्ट, चॅपेल, बारा घरं आणि शेतवाड्या. सगळे वेल्श बोलणारे. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही. तरी कायदा झाला. त्याआधी १९५६ च्या नोव्हेंबरात गावातली माणसं, लहान मुलांसकट, लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन गेली होती. १९६३ मध्ये शाळा बंद झाली, १९६५ मध्ये तलाव भरला. ६७ रहिवाशांपैकी ४८ जणांची घरं गेली. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये.

अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला हमरस्त्याच्या कडेला एका पडक्या भिंतीवर 'कोवियुख द्रवेरिन', म्हणजे 'ट्रवेरिन विसरू नका' असं लाल पार्श्वभूमीवर रंगवलेलं आहे. २०१९ मध्ये कोणीतरी ती भिंत पाडली, तर महिनाभरात वेल्सभर तशाच भिंती रंगल्या. मुलांनी शाळांच्या आवारात रंगवल्या.

आणि हॉलबद्दल लिहिलंत तसं आमच्याकडे पाटीच्या दगडाच्या खाणींत 'काबान' असायचं. जेवणाच्या सुट्टीत बसायची दगडी खोपटी. तिथे अध्यक्ष निवडून रीतसर वादविवाद, पाठांतर, गायन चालायचं. १८८४ मध्ये बँगोरचं विद्यापीठ निघालं त्याला या दगडफोड्यांनी आठवड्याच्या पगारातून वर्गणी दिली. बेथेस्डाच्या दगडखाणीतल्या १९०० ते १९०३ च्या संपात आणि टाळेबंदीत संपकऱ्यांच्या घरांच्या खिडकीत 'या घरात गद्दार नाही' असा कागद लावलेला असे. त्या गावात आजही कोणाचे आजोबा कोणत्या बाजूला होते हे लोकांना माहीत आहे.

बंदररोड

मुंबईचा धागा जोडतो. एकोणिसाव्या शतकात आपल्या बंदरात आगबोटींसाठी वेल्सचाच कोळसा उतरायचा. धूर कमी, धग जास्त. बंगालचा कोळसा रेल्वेने स्वस्तात येऊ लागला तशी आयात घटली. १९१३ मध्ये एकट्या बॅरी बंदरातून सुमारे १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर गेला. ताईंच्या गावच्या कोणाच्या पणजोबांनी फोडलेला कोळसा माझगावात जळला असणार.

पाटीपेन्सिल

हे सगळं वाचून गप्प झाले आहे. पण ताई, थोडं सणांचं आणि खाण्याचंही लिहा.

खाणकाठची

आनंदाने! १ जानेवारीला सकाळी आम्ही कालेनिग मागायला जायचो. सफरचंदाला तीन काड्यांचे पाय, अंगावर लवंगा टोचलेल्या, डोक्यावर सदाहरित डहाळी. दारोदार जाऊन नववर्षाचं गाणं म्हणायचं आणि नाणी घ्यायची, पण दुपारी बाराच्या आत. बारा वाजून गेले की कोणी दार उघडत नसे. पश्चिमेला कुम ग्वायन खोऱ्यात तर अजून जुन्या पंचांगाप्रमाणे १३ जानेवारीला नवं वर्ष करतात. ब्रिटनने १७५२ मध्ये पंचांग बदललं ते त्यांनी मनावर घेतलेलं नाही. मायस्टेगच्या बाजूला 'मारी लूइड' निघते: घोड्याची खरी कवटी काठीवर, पांढरं कापड, रंगीत फिती. ती दाराशी येऊन पद्यात सवाल टाकते, घरातल्यांनी पद्यातच उत्तर द्यायचं, हरलात तर तिला आत घेऊन खाऊ घालायचं. आमच्या कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबांत आणि यात मला तरी फरक वाटत नाही.

खाण्यात वेल्श केक. मैदा, लोणी, साखर, अंडं, बेदाणे, थोडा मसाला. पातळ लाटून वाटीने गोल कापायचे आणि जाड लोखंडी तव्यावर भाजायचे. नानी पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात आल्या, आईचा भाकरीचा तवा बघितला आणि म्हणाल्या, अगं, हा तर तुझ्याकडे आहेच! आईने पुढे त्यात वेलची घातली. आता त्या गल्लीत दोन घरी वेलचीचेच करतात.

आणि गाणं. चॅपेलच्या मागच्या खोलीत भिंतीवर डो-रे-मीचा उभा तक्ता टांगलेला होता. खोऱ्यातल्या पिढ्यानपिढ्या त्या अक्षरांवरून चार आवाजांत गायला शिकल्या, कागदावरचं नोटेशन न येता. कुठलाही सूर आधाराला घ्या, तोच डो. आई घरी पेटी वाजवायची. तिने तक्ता पाहिला आणि पाचच मिनिटांत बायकांच्या रांगेत उभी राहून दुसऱ्या आवाजात गाऊ लागली.

अमेरिकन गायक पॉल रोबसन यांचं नाव इथे अजून घराघरात निघतं. अमेरिकेने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता, तेव्हा ऑक्टोबर १९५७ मध्ये पोर्थकॉलला खाणकामगारांच्या आयस्तेदवॉदमध्ये ते समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून गायले आणि इकडून सभागृहाने त्यांना गाऊन उत्तर दिलं. नानी त्या सभागृहात होत्या.

अजून_वाचतोय

येत्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन कार्डिफला बहिणीकडे जातोय. एक-दोन दिवसांत यातलं काय बघता येईल? मुलगी नऊ वर्षांची आहे.

खाणकाठची

ब्लायनावॉनचं बिग पिट आधी. १९८० मध्ये खाण बंद झाली, १९८३ पासून संग्रहालय आहे. पिंजऱ्यातून ९० मीटर खाली नेतात. डोक्यावर दिव्याची टोपी देतात आणि मोबाईल, बॅटरीचं घड्याळ वरच ठेवायला लावतात, खाणीत ठिणगी चालत नाही म्हणून. खाली थंडी असते, मुलीला स्वेटर घाला. मार्गदर्शकाला दोन गोष्टी दाखवायला सांगा: घोड्यांचे तबेले, जिथे प्रत्येकाच्या ठाणावर नाव लिहिलेलं आहे, आणि हवेची दारं. १८४२ च्या कायद्याने मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाली उतरवायला बंदी आली. त्याआधी तुमच्या मुलीच्या वयाची मुलं त्या दारांपाशी अंधारात दिवसभर बसून दार उघडझाप करायची.

दुसऱ्या दिवशी ट्रेहाफॉडचं ऱ्होन्दा संग्रहालय, कार्डिफहून आगगाडी थेट जाते. स्वान्झीकडे जाणं झालंच तर दक्षिण वेल्स खाणकामगार ग्रंथालय बघा. हॉल बंद पडत गेले तशी त्यांची पुस्तकं विक्रेत्यांकडे जाऊ लागली, तेव्हा १९७३ मध्ये ती वाचवायला हे काढलं. कपाटातली जुनी पुस्तकं उघडलीत तर अनेकांच्या आत एखाद्या गावच्या इन्स्टिट्यूटचा शिक्का आहे. मार्डीचा दिसला तर मला इथे कळवा.